आचारी, आचार्य आणि संगणकाची लायब्ररी

‘आचार्यांना बोलवा’ आणि ‘आचाऱ्यांना बोलवा’ ही वाक्ये लग्नघरात एकमेकांच्या जागी चालत नाहीत. पहिल्याने पंडित येतात, दुसऱ्याने स्वयंपाकी. दर्या आणि दऱ्या या जोडीचेही तसेच. पहिल्या प्रकारात र चा रफार होऊन तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो आणि आधीच्या अक्षरावर आघात येतो. दुसऱ्या प्रकारात र पापणीसारखा आडवा होऊन य ला चिकटतो आणि आघात येत नाही. हिंदीचे या दुसऱ्या र वाचून अडत नाही. मराठीला तो पदोपदी लागतो. ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द नसलेले छापील पत्रक आमच्या वाशीम जिल्ह्यात शोधूनच काढावे लागेल.

हा फरक माणसाचा डोळा सहज टिपतो. संगणकाला तो टिपता यावा यासाठी काय काय जुळून यावे लागते, हा या लेखाचा विषय आहे. छापील पानाचे चित्र वाचून त्यातून शोधता येण्याजोगा मजकूर काढणाऱ्या तंत्राला ओसीआर म्हणतात. या कामासाठी जगभर वापरली जाणारी एक खुली लायब्ररी आहे, टेसरॅक्ट. ती मूळ सोर्स कोडपासून निरनिराळ्या यंत्रांवर बांधण्याचे काम मी केनवडला बसून करतो. त्या कामाची रीत, त्यातल्या खाचाखोचा आणि त्याची गरज येथे मांडतो.

केनवड हे रिसोड तालुक्यातले गाव. सोयाबीन आणि तूर ही येथली पिके. पुण्यात काही वर्षे संगणकाचे काम करून मी गावी परतलो, तेव्हा गावातल्या काही मंडळींनी जुना छापील कागद जमवायला सुरुवात केली होती. देवस्थानांच्या स्मरणिका, शाळांची वार्षिके, सहकारी संस्थांचे अहवाल, शेतीविषयक पत्रके, उसवलेले दिवाळी अंक असा तो ऐवज. कागद पिवळा पडतो, वाळवी लागते, म्हणून पानांचे फोटो काढणे सुरू झाले. पण फोटोत शोध घेता येत नाही. त्यातून आमच्या भागाची आणखी एक अडचण. वाशीम जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. त्याआधीच्या कागदांवर आमचा पत्ता ‘जि. अकोला’ असा आहे. त्याही मागे, १९०५ पर्यंत, वाशीम हा स्वतंत्र जिल्हा होता आणि इंग्रजी अंमलात त्याचे नाव ‘बासीम’ असे लिहिले जाई. एका गावाचा इतिहास तीन पत्त्यांखाली विखुरलेला असेल, तर अक्षरांत उतरवलेला मजकूर असल्याखेरीज तो एकत्र आणता येत नाही.

लायब्ररी हा शब्द आला कोठून

संगणकाच्या जगात लायब्ररी म्हणजे पुन्हा पुन्हा लागणाऱ्या कामांचा तयार संच. एखाद्या प्रोग्रामला चित्र उघडायचे असेल, तर ते कसे उघडावे हे तो नव्याने लिहीत नाही. चित्रांच्या लायब्ररीला हाक मारतो. हे नाव पडले तेव्हा ती खरोखरच कपाटातली वस्तू होती. इंग्लंडमध्ये केंब्रिजला १९४९ साली एडसॅक हा संगणक चालू झाला. मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅन्ली गिल यांनी नेहमी लागणारी गणिते छिद्रांच्या कागदी फितींवर नोंदवून त्या फिती कपाटात लावून ठेवल्या होत्या. ज्याला जी हवी ती त्याने काढावी, तिची नक्कल आपल्या फितीत घ्यावी. १९५१ साली या तिघांनी त्या पद्धतीवर पुस्तकही लिहिले.

आज कपाट गेले, पण पद्धत तीच आहे. लायब्ररीचे लेखक तिचा सोर्स कोड लिहितात. तो माणसाला वाचता येतो, यंत्राला नाही. कंपायलर नावाचा प्रोग्राम त्याचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करतो, लिंकर ते तुकडे जोडतो आणि तयार झालेली फाइल यंत्राच्या ठरावीक जागी ठेवली जाते. या सगळ्या क्रियेला सोर्सपासून बांधणे म्हणतात. प्रत्येक यंत्राचा प्रोसेसर आणि प्रत्येक प्रणालीचा रिवाज वेगळा असल्यामुळे एकाच सोर्समधून लिनक्ससाठी एक वस्तू निघते, विंडोजसाठी दुसरी आणि फोनसाठी तिसरी.

टेसरॅक्टमधली शिरोरेखा

टेसरॅक्टचा जन्म ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत झाला. १९८५ ते १९९४ या काळात तिच्यावर इंग्लंडमधल्या ब्रिस्टल आणि अमेरिकेतल्या ग्रीली येथे काम झाले. मग ती बरीच वर्षे पडून राहिली. २००५ साली कंपनीने तिचा सोर्स खुला केला आणि २००६ पासून गूगलच्या आधाराने, रे स्मिथ यांच्या नेतृत्वाखाली, तिची वाढ झाली. तिचा परवाना अपाची २.० हा आहे. सोर्स कोणीही घ्यावा, बदलावा, बांधावा आणि पुढे वाटावा अशी त्यात मोकळीक आहे.

सुरुवातीचे टेसरॅक्ट रोमन लिपीसाठी लिहिलेले होते. रोमन छपाईत अक्षरे सुटी असतात, म्हणून एकेक अक्षर वेगळे काढून ओळखायचे ही तिची रीत. देवनागरीत सगळा शब्द एका दांडीला टांगलेला असतो. सुटे अक्षर सापडणार कसे? टेसरॅक्टच्या सोर्समध्ये देवनागरीच्या पूर्वतयारीसाठी वेगळी फाइल आहे आणि त्यातल्या एका रचनेचे नावच ‘शिरोरेखा स्प्लिटर’ आहे. शब्दावरची रेघ ओळखून ती योग्य ठिकाणी छेदायची हे तिचे काम. ब्रिस्टलमध्ये जन्मलेल्या प्रोग्रामच्या पोटात हा आपला शब्द रोमन अक्षरांत लिहिलेला सापडतो. तयार इन्स्टॉलर वापरणाऱ्याच्या तो कधी नजरेस पडत नाही.

ऑक्टोबर २०१८ मध्ये आलेल्या ४.० आवृत्तीत पद्धत बदलली. आता न्यूरल नेटवर्क अख्खी ओळ डावीकडून उजवीकडे वाचत जाते आणि कोठे कोणते अक्षर आहे याचा अंदाज करते. जोडाक्षरांच्या लिपीला ही पद्धत अधिक मानवते. नोव्हेंबर २०२१ मध्ये ५.० आवृत्ती आली. तिच्यात आकडेमोडीचा प्रकार बदलून काम वेगवान केले आणि मेमरीची गरज कमी केली.

तयार मिळत असताना बांधायचे कशाला

हा प्रश्न रास्त आहे. तयार मिळणारी वस्तू आपल्या कामाची असेल तर तीच घ्यावी. उबुंटूवर एका आज्ञेत टेसरॅक्ट बसते, मॅकवर होमब्रूमधून येते, विंडोजसाठी इन्स्टॉलर आहे. कोणी पाच-दहा पाने वाचायला मागत असेल तर मी त्याला हाच मार्ग सांगतो.

आमच्याकडे मात्र कामाला लागलेली यंत्रे चार प्रकारची. वाचनासाठी ठेवलेला एक जुना लिनक्स संगणक, एका गुरुजींचा विंडोज लॅपटॉप, गावातल्या एका मुलीचा पुण्याहून येणारा मॅक आणि प्रत्येकाच्या खिशातला अँड्रॉइड फोन. या चारही ठिकाणी तयार मिळालेले टेसरॅक्ट निरनिराळ्या आवृत्तीचे होते. उबुंटूची २२.०४ ही आवृत्ती ५.० नंतर काही महिन्यांनी आली, तरी तिच्या भांडारात टेसरॅक्ट ४.१.१ च आहे. परिणाम असा, की एकाच स्मरणिकेचे एकच पान एका यंत्रावर ‘शेतकऱ्यांस’ असे वाचले जाई आणि दुसऱ्यावर ‘शेतकर्यांस’. दोष पानाच्या फोटोत आहे, लायब्ररीत आहे की भाषेच्या फाइलीत, हे ठरवता येत नव्हते. डॉक्टरांनी चार वेगवेगळ्या ताणकाट्यांवर वजन करून रोगी बारीक झाला की जाड हे सांगण्यासारखे ते होते. सगळीकडे एकाच आवृत्तीचा सोर्स घेऊन बांधणी केली तर निदान काटा एक होतो. आम्ही सोर्सकडे वळलो ते यासाठी.

लिनक्स : आधी शेजारी, मग घर

बांधणीची सगळी पायरी-पायरी लिनक्सवर उघडी दिसते, म्हणून तिचे वर्णन थोडे सविस्तर करतो.

टेसरॅक्ट स्वतः चित्र उघडत नाही. ते काम लेप्टोनिका नावाच्या दुसऱ्या लायब्ररीचे. लेप्टोनिका डॅन ब्लूमबर्ग यांनी उभी केली. तीही सगळे स्वतः करत नाही. पीएनजी, जेपेग आणि टिफ या चित्रप्रकारांसाठी तिला प्रत्येकी वेगळी लायब्ररी लागते. म्हणजे टेसरॅक्ट बांधायचे तर आधी लेप्टोनिका आणि तिच्याही आधी तिचे शेजारी जागेवर हवेत. येथे एक बारकावा आहे. लिनक्सवर एखादी लायब्ररी चालण्यासाठी बसवलेली असणे वेगळे आणि बांधणीसाठी उपलब्ध असणे वेगळे. बांधणीला हेडर फाइली लागतात. लायब्ररीत कोणकोणती कामे आहेत आणि त्यांना हाक कशी मारायची याची ती अनुक्रमणिका. उबुंटू-डेबियनमध्ये या फाइली नावापुढे ‘डेव्ह’ लावलेल्या वेगळ्या पॅकेजात असतात.

हे पॅकेज नसेल तर काय होते? बांधणी थांबली असती तर बरे. ती थांबत नाही. कॉन्फिगर नावाची पायरी यंत्राची पाहणी करते आणि टिफची हेडर फाइल सापडली नाही तर ‘टिफ : नाही’ अशी नोंद करून पुढे जाते. लेप्टोनिका बिनतक्रार बांधली जाते, टेसरॅक्टही बांधले जाते आणि कित्येक दिवसांनी कोणी टिफमधली पाने आणली की ती उघडत नाहीत. म्हणून कॉन्फिगरचा अहवाल शेवटपर्यंत वाचावा. सोयरिकीच्या याद्या वाचतात तसा, एकेक नाव पाहून.

कॉन्फिगरनंतर मेक. मेक हा प्रोग्राम स्ट्युअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली बेल लॅब्जमध्ये लिहिला. तो प्रत्येक फाइलीची वेळ पाहतो. सोर्स नंतर बदलला असेल तरच तो तुकडा पुन्हा बांधतो, बाकी तुकडे जसेच्या तसे वापरतो. भारनियमन असलेल्या गावाला हा गुण फार उपयोगी पडतो. बांधणी अर्धी झाली आणि वीज गेली, तर वीज आल्यावर तीच आज्ञा द्यावी. काम जेथे थांबले तेथून पुढे चालते. वीज जाताना लिहिला जात असलेला एखादा तुकडा अर्धवट राहू शकतो. लिंकरने त्याच्याबद्दल तक्रार केली, तर तेवढा पुसून पुन्हा मेक करावे. एका वेळी किती तुकडे बांधायचे हेही सांगता येते. मेमरी कमी असलेल्या जुन्या यंत्रावर तो आकडा लहान ठेवावा. नाहीतर मेमरी संपते आणि प्रणाली कंपायलरलाच बंद पाडते.

दोन पथ्ये आणखी. टेसरॅक्ट ५ चा सोर्स सी प्लस प्लस या भाषेच्या २०१७ च्या प्रमाणानुसार लिहिला आहे. फार जुन्या कंपायलरला तो कळत नाही, म्हणून आधी कंपायलर बदलावा लागतो. दुसरे पथ्य वेगासाठी सुचवल्या जाणाऱ्या एका पर्यायाबद्दल आहे. ‘याच यंत्राच्या प्रोसेसरसाठी बांध’ असे कंपायलरला सांगता येते. नव्या संगणकावर अशी बांधणी करून ती फाइल जुन्या संगणकावर नेली, तर जुन्या प्रोसेसरला ठाऊक नसलेली आज्ञा येते आणि प्रोग्राम तेथेच कोसळतो. टेसरॅक्टला या पर्यायाची फारशी गरजही नाही. प्रोसेसरच्या विशेष शक्तींसाठी त्याच्यात वेगवेगळे तुकडे आधीच असतात आणि चालू होताना तो यंत्र पाहून योग्य तुकडा निवडतो.

शेवटची पायरी इन्स्टॉल. काही वेगळे सांगितले नाही तर फाइली ‘यूएसआर लोकल’ या फोल्डरात जातात. प्रणालीच्या भांडारातले टेसरॅक्ट ‘यूएसआर’मध्ये असते, त्यामुळे दोन्ही एकमेकांना धक्का न लावता नांदू शकतात. पण लगेच नवे टेसरॅक्ट चालवले, तर बहुतेक वेळा ‘शेअर्ड लायब्ररी सापडत नाही’ असा निरोप येतो. फाइल समोर असते, तरीही. कारण लिनक्स दर वेळी सगळे फोल्डर धुंडाळत नाही. लायब्ररींच्या पत्त्यांची एक तयार यादी वापरतो. नवी लायब्ररी बसवल्यावर ‘एलडीकॉन्फिग’ ही आज्ञा देऊन ती यादी ताजी करावी लागते. नव्या घराचा पत्ता पोस्टमनला कळवण्यासारखेच हे आहे. यंत्राचे प्रशासकीय अधिकार हाती नसतील, शाळेच्या संगणकावर बहुधा नसतातच, तर कॉन्फिगरला ‘प्रीफिक्स’ देऊन सगळे आपल्या स्वतःच्या फोल्डरात बसवता येते. मात्र तेव्हा लेप्टोनिका कोठे आहे आणि लायब्ररी कोठे शोधायची, हे दोन्ही आपणच सांगायचे.

विंडोज : सगळे एका खोलीत

विंडोजवर शेअर्ड लायब्ररीला डीएलएल म्हणतात. शोधण्याचा रिवाजही निराळा. प्रोग्राम सुरू झाला की विंडोज आधी त्या प्रोग्रामच्याच फोल्डरात डीएलएल पाहते, मग प्रणालीच्या फोल्डरांत आणि मग ‘पाथ’ नावाच्या यादीतल्या ठिकाणी. म्हणून टेसरॅक्ट, लेप्टोनिका आणि चित्रांच्या साऱ्या डीएलएल एकाच फोल्डरात ठेवणे हा सरळ मार्ग. तसे केले नाही तर धोका असतो. ‘पाथ’मध्ये दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामने आणलेली त्याच नावाची पण वेगळ्या आवृत्तीची डीएलएल आधी सापडली, तर प्रोग्राम अनाकलनीय वागू लागतो.

बांधण्यासाठी दोन घराणी आहेत. एक मायक्रोसॉफ्टचा कंपायलर, दुसरे मिनजीडब्ल्यू. सी प्लस प्लसमध्ये लिहिलेल्या लायब्ररीच्या बाबतीत या दोन घराण्यांची सोयरिक जमत नाही. एकाने बांधलेली लायब्ररी दुसऱ्याने बांधलेल्या प्रोग्रामला सहसा जोडता येत नाही. बत्तीस बिट आणि चौसष्ट बिट यांचेही तसेच. म्हणून सुरुवातीलाच एक घराणे आणि एक मोजमाप ठरवावे. गुरुजींच्या लॅपटॉपसाठी मी मायक्रोसॉफ्टचे घराणे आणि व्हीसीपीकेजी हे साधन निवडले. ते लेप्टोनिका आणि तिचे सगळे शेजारी सोर्सपासून क्रमाने बांधत जाते. डाउनलोड मोठे असते. फोनच्या डेटावर ते करण्यापेक्षा तालुक्याच्या गावी जिथे चांगली जोडणी असेल तेथून एकदाच आणावे.

विंडोजच्या तयार इन्स्टॉलरबद्दल मात्र आवर्जून सांगण्यासारखी गोष्ट आहे. टेसरॅक्टचा सर्वांत परिचित विंडोज इन्स्टॉलर जर्मनीतल्या मानहाइम विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडून येतो. पुस्तकांचे ग्रंथालय संगणकाची लायब्ररी बांधते, याचे कारण साधे आहे. त्यांना जुनी जर्मन वर्तमानपत्रे वाचायची होती. ती फ्राक्टुर या जुन्या वळणाच्या टाइपात छापलेली आणि आजच्या रोमन अक्षरांवर शिकलेल्या प्रोग्रामला ती नीट वाचता येत नसत. त्यांनी सोर्स घेतला, बांधला, सुधारला, फ्राक्टुरसाठी नवे प्रशिक्षण केले आणि जगाला दिले. आपल्या निर्णयसागरी टाइपाचे आणि खिळे जुळवून छापलेल्या हजारो मराठी पुस्तकांचे दुखणे याच जातीचे आहे.

मॅक आणि फोन

मॅकवरची बांधणी लिनक्सच्या वळणाने जाते. लायब्ररीची फाइल डायलिब नावाची असते आणि तिचे एक वैशिष्ट्य आहे: आपला पत्ता तिच्या स्वतःच्या पोटात कोरलेला असतो. बांधल्यानंतर फोल्डर हलवला तर प्रोग्राम जुन्याच पत्त्यावर तिला शोधत राहतो. कोणता प्रोग्राम कोणत्या लायब्ररीला कोठे शोधतो हे मॅकवर ओटूल, लिनक्सवर एलडीडी आणि विंडोजवर डम्पबिन ही साधने सांगतात. काही बिघडले तर पहिल्यांदा यांना विचारावे. २०२० च्या अखेरीपासून मॅकमध्ये इंटेलऐवजी अ‍ॅपलचे स्वतःचे प्रोसेसर येऊ लागले. होमब्रू इंटेलच्या मॅकवर ‘यूएसआर लोकल’मध्ये आणि नव्या मॅकवर ‘ऑप्ट होमब्रू’मध्ये बसते. जुन्या मॅकसाठी लिहून ठेवलेली टिपणे नव्यावर जशीच्या तशी लागू पडत नाहीत, त्याचे मूळ येथे आहे.

फोनचा प्रकारच वेगळा. तेथे बांधणी एका यंत्रावर आणि वापर दुसऱ्यावर. गूगलच्या एनडीके या संचातला कंपायलर लिनक्स, विंडोज किंवा मॅकवर चालतो, पण त्यातून निघणारी फाइल असते अँड्रॉइडच्या एआरएम प्रोसेसरसाठी. याला क्रॉस-कंपाइल म्हणतात. कॉन्फिगरच्या पाहणीत एखादी छोटी चाचणी चालवून पाहण्याची पायरी असते, ती येथे शक्य नसते. चालवायचे यंत्र समोर नाही, म्हणून ती उत्तरे आपण आधीच पुरवायची. आणि फोनवर ‘प्रणालीत इन्स्टॉल’ ही कल्पनाच नाही. प्रत्येक अ‍ॅप आपली लायब्ररी आपल्यासोबत घेऊन येते, वारकरी आपली पडशी घेऊन येतो तशी. दोन अ‍ॅपमध्ये टेसरॅक्टच्या दोन आवृत्त्या असू शकतात आणि एकीचा दुसरीला पत्ताही नसतो.

पण मराठी कोठे आहे?

चारही यंत्रांवर बांधणी झाली, तरी टेसरॅक्टला मराठीचे एक अक्षर येत नाही. लायब्ररी म्हणजे वाचण्याची यंत्रणा. भाषा वेगळ्या फाइलीत असते. मराठीची फाइल एम-ए-आर या तीन अक्षरांनी ओळखली जाते. ती ‘टेसडेटा’ फोल्डरात ठेवावी लागते किंवा फोल्डर दुसरीकडे असेल तर टेसडेटा-प्रीफिक्स या नावाने त्याचा पत्ता द्यावा लागतो. सोर्सपासून बांधणाऱ्याच्या हातून ही पायरी हमखास सुटते, कारण तयार पॅकेजच्या सवयीने भाषा आपोआप येईल असे वाटते.

या फाइलीही तीन प्रकारच्या असतात. ‘फास्ट’ हलकी, पूर्णांकांत उतरवलेली, फोनला योग्य. ‘बेस्ट’ दशांशांतली, सावकाश चालणारी. तिसरा संच जुन्या पद्धतीलाही आधार देणारा. पुढे प्रशिक्षण देऊन आपल्या टाइपासाठी सुधारायचे असेल तर ‘बेस्ट’च लागते, ‘फास्ट’वर पुढचे शिक्षण होत नाही. चार यंत्रांवर लायब्ररी एक आणि भाषेची फाइल वेगवेगळी असेल, तर बांधणीचा सगळा खटाटोप वाया जातो.

जुन्या मराठीसाठी या प्रशिक्षणाची गरज पडते. १९६२ च्या लेखननियमांपूर्वीचे छापील मराठी ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘मुलांनीं’ अशा अनुस्वारांनी भरलेले आहे. टेसरॅक्टच्या भाषाफाइली मुख्यतः आजच्या मजकुरातून, संगणकाच्या फाँटांत उमटवलेल्या ओळींवर शिकलेल्या आहेत. व्युत्पत्तीचा तो अनुस्वार तिला शाईचा ठिपका वाटला तर नवल नाही. प्रशिक्षणासाठी अशा ओळी चित्ररूपात उमटवाव्या लागतात. ते काम पँगो आणि तिच्या आतल्या हार्फबझ या लायब्ररी करतात. हार्फबझचे काम म्हणजे र, हलन्त आणि य यांतून योग्य जोडाक्षर घडवणे. प्रशिक्षणाची साधने बांधताना या शेजाऱ्यांचीही नोंद घ्यावी. शिकवणाऱ्याच्याच पाटीवर पापणीचा र चुकीचा उमटला, तर विद्यार्थी तो बरोबर कसा वाचणार?

तपासणीचे पान

बांधणी पुरी झाल्याचे प्रमाणपत्र यंत्र देते, मराठी वाचल्याचे नाही. त्यासाठी आम्ही एक पान केले आहे. त्यात आचार्यांना-आचाऱ्यांना, दर्या-दऱ्या या जोड्या आहेत, ‘ळ’चे शब्द आहेत, ‘ॲ’ आहे, ज्याला युनिकोडमध्ये स्वतःची जागा २००८ साली मिळाली, ‘कांहीं’ आहे, देवनागरी आकडे आहेत. हे पान ३०० डीपीआयला स्कॅन करून चारही यंत्रांवर वाचवतो आणि निकाल शेजारी शेजारी ठेवतो. एखाद-दुसऱ्या ठिकाणी फरक राहू शकतो, कारण प्रोसेसर वेगळा की दशांशांच्या आकडेमोडीत किंचित फरक पडतो. पण एका यंत्रावर सगळे पापणीचे र गेले असतील, तर दोष बांधणीत किंवा भाषाफाइलीत आहे असे खात्रीने म्हणता येते.

निकाल डोळ्यांनी सारखे दिसले तरी एक सापळा उरतो. पापणीचा र युनिकोडमध्ये एकाहून अधिक प्रकारे लिहिता येतो. ऱ या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडून, साध्या र ला नुक्ता देऊन मग हलन्त जोडून किंवा साधा र, हलन्त आणि झीरो विड्थ जॉइनर हे अदृश्य चिन्ह घालून. पडद्यावर तिन्ही सारखे. पण शोधताना संगणक चिन्हांची तुलना करतो, आकाराची नाही. ‘शेतकऱ्यांना’ असे एका प्रकारे टंकले आणि मजकुरात तो दुसऱ्या प्रकारे असेल, तर सापडलेल्यांची संख्या शून्य येते आणि शोधणारा समजतो की आपल्या गावच्या कागदांत शेतकऱ्यांचा उल्लेखच नाही. म्हणून वाचून झालेला सगळा मजकूर साठवण्यापूर्वी एकाच प्रकारात आणतो. पहिले दोन प्रकार युनिकोडच्या ठरलेल्या नियमांनी आपोआप एक होतात. तिसऱ्यासाठी वेगळा बदल लिहावा लागतो.

याचे महत्त्व केनवडपुरते नाही. आज गावोगावी, शाळांत, वाचनालयांत जुने छापील मराठी स्कॅन होत आहे. त्यातून निघालेला मजकूर पुढे शोधयंत्रांत जातो, कोशांत जातो, संगणकाला मराठी शिकवायला वापरला जातो. तेथे एकदा आचाऱ्यांचे आचार्य झाले, की कागदाशी ताडून पाहायला कोणी परत येत नाही आणि तोवर कागदही उरलेला नसतो. मजकुराच्या खरेपणाबद्दल शंका आली तर तो कशाने वाचला हे सांगता आले पाहिजे.

त्यासाठी आम्ही बांधणीची एक वही ठेवली आहे आणि हे काम करणाऱ्या प्रत्येकाने ती ठेवावी असे सुचवतो. प्रत्येक यंत्रामागे एक पान. त्यावर टेसरॅक्टची आणि लेप्टोनिकाची आवृत्ती, सोर्स कोणत्या तारखेला घेतला ती तारीख, कंपायलरचे नाव आणि आवृत्ती, कॉन्फिगरला दिलेले पर्याय, पाहणीत ‘नाही’ निघालेल्या गोष्टी, भाषाफाइल फास्ट की बेस्ट आणि तपासणीच्या पानाचा निकाल. वाचलेल्या प्रत्येक मजकुराच्या डोक्यावर या वहीतल्या पानाचा क्रमांक टाकायचा. सोर्सची ती आवृत्ती आणि भाषाफाइल पेनड्राइव्हवर वहीसोबतच ठेवायची, म्हणजे दहा वर्षांनी दुसऱ्या कोणाला तेच पान त्याच साधनाने पुन्हा वाचून पाहता येईल. वही शंभर पानी पुरते. आमच्या वहीची अकरा पाने आतापर्यंत भरली आहेत.